पेशीबाहेरची कात्री

सोयाबीन कापून झाले की आमच्याकडे त्याची बनीम, म्हणजे गंजी, रचतात. वर ताडपत्री टाकतात आणि मळणीयंत्राचा नंबर लागेपर्यंत ती तशीच शेतात उभी असते. तिच्या उबेला उंदीर येतात, उंदरांमागे जनावर येते. बनीम उकलायला घातलेल्या हाताला काहीतरी टोचते आणि एकच आरडाओरडा होतो. साप चावला असे जुनी माणसे म्हणत नाहीत, पान लागले म्हणतात. पूर्वी अशा माणसाला मारुतीच्या पारावर नेऊन निजवत. आता मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून तालुक्याला आणतात, हे त्यातल्या त्यात बरे.

तिथे डॉक्टर शिरेतून दोन मिलिलीटर रक्त काढतात, कोऱ्या कोरड्या काचेच्या नळीत सोडतात आणि नळी उभी करून ठेवतात. वीस मिनिटे तिला हात लावायचा नाही. नळी साबणाने धुतलेली नको, प्लास्टिकची तर नकोच, कारण काचेच्या स्पर्शानेच रक्त गोठायला लागते. शेजारच्या काकांबरोबर मी गेलो होतो तेव्हा त्या वीस मिनिटांत कोणी बोलत नव्हते. घड्याळ बघायचे, नळी बघायची, पुन्हा घड्याळ. मग सिस्टरने नळी तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखे काठापर्यंत आले. घोणस, नाहीतर फुरसे. लगेच सलाइनमधून सापाच्या लसीच्या दहा कुप्या सुरू झाल्या. गावाकडे लस म्हणतात. प्रत्यक्षात ती घोड्याच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे असतात.

मी तेव्हा प्राणिशास्त्र शिकवत होतो आणि तरीही माझी समजूत अशी होती की हे विष रक्त पातळ करते. खरा प्रकार उलटा आहे. घोणसच्या विषात निदान दोन कात्र्या अशा आहेत, की त्या रक्त गोठवणाऱ्या साखळीतल्या दहाव्या आणि पाचव्या घटकाला नेमक्या जागी छेद देऊन जागे करतात. फुरशाची कात्री त्याच्या पुढच्या पायरीवर, प्रोथ्रॉम्बिनवर चालते. म्हणजे विष रक्ताला गोठायला लावते, इतके की गोठवण्याचा सगळा माल खर्ची पडतो आणि नळीतल्या रक्तासाठी काही शिल्लकच राहत नाही. त्याच वेळी मेटॅलोप्रोटीनेज नावाची दुसरी एन्झाइम्स बारीक रक्तवाहिन्यांचे बाहेरचे अस्तर कापत असतात. हिरड्यांतून रक्त येते ते या दोन्हींमुळे. १९३४ साली मॅकफर्लन या डॉक्टरांनी आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सापांचे काम पाहणाऱ्या बार्नेट यांनी घोणसचे पातळ केलेले विष हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमेवर लावले, आणि वाहते रक्त थांबले. कात्री तीच, फक्त ती जखमेच्या तोंडाशी चालली. काकांच्या अंगात ती सगळीकडे चालली होती.

पेशीत तयार होऊन पेशीबाहेर सोडली जाणारी एन्झाइम्स चेतापेशी जगवतात का आणि रक्तवाहिन्या वाढवतात का, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्यात मी सापाच्या बिळातून शिरतोय, कारण या विषयातला पहिला मोठा शोधच मुळात विषाच्या बाटलीतून निघाला. दुसरे कारण आपल्या मुलुखाचे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे, आणि ती बहुतेक खेड्यातली. ज्या रेणूंबद्दल बोस्टन आणि केंब्रिजमध्ये निबंध लिहिले जातात त्यांची दहशत बनीम उकलणाऱ्या बाईला आधीपासून आहे, नाव तेवढे माहीत नाही.

एन्झाइमला शासकीय मराठीत विकर म्हणतात. लातूरच्या क्लासेसमध्ये नीटची तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, तो लाळेतल्या अमायलेजपासून स्वादुपिंडातल्या न्यूक्लिएजपर्यंत यादी म्हणून दाखवेल, कोणता सामू लागतो तेही सांगेल. मीही तेच शिकवत आलो. पण या पाठांतराने डोक्यात एक चित्र पक्के बसते: पेशीबाहेर जे एन्झाइम येते ते पचवायला येते. तोडायचे, विरघळवायचे, संपवायचे. शास्त्रज्ञांच्याही डोक्यात बराच काळ हेच होते, आणि त्यापायी त्यांनी दोनदा-तीनदा मोठी ठेच खाल्ली.

अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे १९५० च्या दशकात रिटा लेव्ही-मोंताल्चिनी कोंबडीच्या गर्भातल्या चेतापेशींच्या गाठी बशीत वाढवत होत्या. उंदराच्या एका कर्कगाठीचा अर्क बशीत टाकला की चोवीस तासांत चेतापेशींच्या गाठीतून चहूबाजूंनी तंतू फुटायचे, झेंडूच्या फुलासारखे. अर्कात प्रथिने होती आणि न्यूक्लिक आम्लेही. करामत कोणाची? सहकारी स्टॅन्ली कोहेन यांनी न्यूक्लिक आम्ले कापून टाकण्यासाठी सापाचे विष घातले. त्यात फॉस्फोडायएस्टरेज नावाचे एन्झाइम भरपूर असते. अपेक्षा अशी, की फूल कोमेजले तर श्रेय न्यूक्लिक आम्लाचे, नाही कोमेजले तर प्रथिनाचे. झाले असे की फूल आणखी दाट आले. अर्क न घालता नुसते विष घातले तरी आले. विषात तोच चेतावर्धक पदार्थ कर्कगाठीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होता.

कोहेन यांनी मग साधा विचार केला, की सापाची विषग्रंथी म्हणजे शेवटी लाळग्रंथीच. उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या तर नराच्या ग्रंथीत त्याचा साठाच सापडला. हाच एनजीएफ, म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, आणि यासाठी दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले. ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्यातला कमी सांगितला जाणारा तुकडा जास्त मोलाचा वाटतो. उंदराच्या ग्रंथीत एनजीएफ एकटा नसतो, तो तीन भागांच्या जुडग्यात सापडतो, आणि त्यातला एक भाग स्वतः प्रथिन कापणारे एन्झाइम आहे. कात्री आणि कापड एकाच घडीत ठेवलेले.

ते तसे का, याचा उलगडा व्हायला २००१ उजाडले. एनजीएफ पेशीत तयार होतो तेव्हा त्याला एक लांब शेपूट असते. शेपटासकट असलेल्या रूपाला प्रो-एनजीएफ म्हणतात. शेपूट म्हणजे टरफल आणि आतला एनजीएफ म्हणजे दाणा, मळणीयंत्रातून जाईपर्यंत कच्चा माल, असाच सगळ्यांचा समज होता. न्यूयॉर्कमधल्या बार्बरा हेम्पस्टेड यांच्या गटाने दाखवले की ही शेंग निरुपद्रवी नाही. ती चेतापेशीवरच्या दुसऱ्याच एका ग्राहीला, पी-७५ ला, जाऊन चिकटते आणि पेशीला मरायचा हुकूम देते. मळलेला दाणा जगवतो, न मळलेली शेंग मारते. आणि मळणी पेशीच्या बाहेरही होऊ शकते. प्लाझ्मिन आणि एमएमपी-७ ही स्रवणारी एन्झाइम्स ती करतात. २००४ मध्ये बीडीएनएफ या भावंडाचीही तीच तऱ्हा निघाली: टीपीए हे एन्झाइम प्लाझ्मिनला जागे करते, प्लाझ्मिन शेंग फोडते, आणि मेंदूत आठवण टिकवणारा दाणा मोकळा होतो. चेतापेशी जगणार की जाणार याचा निकाल असा तिच्या अंगणात लागतो, घरात नाही.

रक्तवाहिन्यांची कथा वेगळ्या गावाहून निघाली आणि वाटेत याच रस्त्याला मिळाली. बोस्टनचे शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले की कर्कगाठ स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. त्या तोडल्या तर ती उपाशी मरेल. ओढणारा पदार्थ शोधायला पैसा हवा होता. तो १९७४ मध्ये मोन्सँटोने दिला, हार्वर्डशी केलेल्या २ कोटी ३० लाख डॉलरच्या करारातून. कापूस लावणाऱ्या आपल्या लोकांना ही कंपनी बीटी बियाण्यामुळे माहीत आहे. तिने रक्तवाहिन्यांवरही पैसा लावला होता हे सांगितले की माझे शेतकरी मित्र संशयाने बघतात. त्या करारातून बर्ट व्हॅली यांच्या प्रयोगशाळेने १९८५ मध्ये मानवी आतड्याच्या कर्कपेशींनी सोडलेल्या द्रवातून एक लहानसे प्रथिन वेगळे केले. १२३ अमिनो आम्लांचे. नाव अँजिओजेनिन, म्हणजे रक्तवाहिन्या जन्माला घालणारे.

आणि त्याचा अनुक्रम वाचला तर काय? स्वादुपिंडातल्या रायबोन्यूक्लिएजचा भाऊबंद. आपल्या नीटवाल्या पोरांच्या यादीतला. १९४० मध्ये मोझेस कुनिट्झ यांनी ज्याचे स्फटिक बनवले होते, तेच आरएनए पचवणारे एन्झाइम आणि हे नवे प्रथिन यांच्यात एक तृतीयांशाच्या आसपास सारखेपणा. बोस्टनमध्ये त्या दिवशी चेहरे पडले असतील अशी माझी कल्पना आहे. वाढीचा राजा शोधायला निघाले आणि हाती लागला पचनाचा कारकून.

कारकूनसुद्धा मुलखाचा आळशी. आरएनए कापण्यात तो त्या भाऊबंदापेक्षा लाखो पटींनी कमी पडतो. म्हणून काहींनी म्हटले की कापणे हा जुना वारसा असेल, खरे काम दुसरेच असेल. पण कापण्याच्या जागेतले एखादे अमिनो आम्ल बदलले की रक्तवाहिन्या उगवणेही थांबायचे. म्हणजे तो आळशी कापच कामाचा होता. १९९४ मध्ये बाथ विद्यापीठातल्या, मूळच्या भारतीय असलेल्या के. रवी आचार्य यांनी हार्वर्डच्या गटासोबत त्याची त्रिमिती रचना काढली तेव्हा आळसाचे कारण डोळ्यांनी दिसले: आरएनएचा तुकडा ज्या खाचेत बसायला हवा, तिथे प्रथिनाचेच एक अमिनो आम्ल आडवे पडलेले आहे. कात्रीच्या पात्यात कायमची अडकवलेली काडी.

ती काडी का, हे मला पटले ते पुढच्या कामाने. पेशीला खायला-प्यायला नीट असते तेव्हा बाहेरून आत घेतलेले अँजिओजेनिन केंद्रकात जाते आणि रायबोसोम बांधायला मदत करते, वाढ होते. पेशीवर संकट आले, प्राणवायू कमी पडला, विषारी कचरा साठला, की ते केंद्रकाबाहेर राहते आणि टीआरएनए नावाच्या लहान रेणूंना मधोमध कापते. २००९ च्या सुमाराला बोस्टनमधल्याच पॉल अँडरसन यांच्या गटाने दाखवले की हे अर्धे तुकडे म्हणजे कचरा नव्हे. ते प्रथिने बनवण्याचा कारखाना मंद करतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून जलदूत रेल्वेने लातूरला पाणी आले तेव्हा आम्ही घरात काय केले होते? अंघोळी आटोपत्या घेतल्या, कुंड्या सुकू दिल्या, प्यायचा हंडा झाकून ठेवला. पेशी तेच करते. आणि त्यासाठी थोडेच कापणारी कात्री लागते. सगळा आरएनए कापून टाकणारे तरबेज एन्झाइम आत आले तर खर्च कमी होण्याऐवजी घरच उठेल. त्यात पेशीच्या आत एक रोधक प्रथिनही पहाऱ्याला असते. ते अँजिओजेनिनला असे घट्ट धरते की जीवशास्त्रात त्याहून घट्ट मिठ्या फार थोड्या आहेत.

आता दोन्ही रस्ते मिळाले ती जागा. बेल्जियममधल्या ल्यूव्हन इथे पीटर कार्मेलिट यांच्या गटाने २००१ मध्ये उंदरांतल्या व्हीईजीएफ या रक्तवाहिनीवर्धकाच्या जनुकाचे एक नियंत्रण काढून टाकले. प्राणवायू कमी पडला की तो जास्त बनवायचा, एवढेच ते नियंत्रण. उंदरांना काय व्हावे? त्यांच्या पाठीच्या कण्यातल्या स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरू लागल्या. स्टीफन हॉकिंग यांना झालेल्या एएलएस या आजारासारखे. मग आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये अँजिओजेनिनच्या जनुकाकडे लक्ष गेले आणि २००६ मध्ये निकाल आला: एएलएसच्या १,६२९ रुग्णांपैकी १५ जणांत या जनुकात बिघाड, एकूण सात प्रकारचे. त्यातला एक बिघाड नेमका कापण्याच्या जागेतल्या चाळीसाव्या अमिनो आम्लाचा. १५ ही संख्या लहान आहे, आणि एएलएसचे बहुतेक रुग्ण या बिघाडाशिवायच आजारी पडतात, हे विसरून चालणार नाही. तरीही रक्तवाहिन्या वाढवणारे प्रथिन आणि चेतापेशी जगवणारे प्रथिन एकच, हे त्या दिवसापासून कोणी नाकारू शकले नाही. पुढे उंदरांत असेही दिसले की चेतापेशी अँजिओजेनिन सोडते आणि शेजारच्या आधारपेशी ते आत घेतात. एएलएस झालेल्या उंदरांना ते टोचल्यावर त्यांचे आयुष्य वाढले. माणसासाठी ते औषध बनून दवाखान्यात आलेले नाही. आणि घाईने येऊ नये असे माझे मत आहे, कारण तेच प्रथिन कर्कगाठीलाही रक्त पुरवते.

घाईची किंमत दुसऱ्या एका कात्रीच्या बाबतीत मोजून झालेली आहे. १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी बेडकाच्या पिल्लाचे शेपूट बशीतल्या कोलॅजेनवर ठेवले. पिल्लाचा बेडूक होताना शेपूट जाते कुठे, हा प्रश्न. शेपटाभोवतीचे कोलॅजेन विरघळले, आणि कोलॅजिनेज सापडले. पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवर ज्यांनी ती काळी पिल्ले ओंजळीत धरली आहेत त्यांना हा प्रयोग चटकन कळेल. याच घराण्याला पुढे एमएमपी म्हणू लागले. नवी रक्तवाहिनी फुटायची तर जुन्या वाहिनीचे अस्तर उसवावे लागते. ते ही एन्झाइम्स करतात, आणि अस्तराच्या धाग्यांत अडकून पडलेला व्हीईजीएफही सोडवतात. मग तर्क सरळ होता: एमएमपी बंद पाडा, गाठ उपाशी मरेल. मारिमास्टॅट वगैरे गोळ्या आल्या, १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या चाचण्या झाल्या, रुग्णांचे सांधे धरले आणि कर्करोग हलला नाही. कारण ही एन्झाइम्स लगामसुद्धा कापून तयार करतात. फोकमन यांच्याच प्रयोगशाळेत १९९४ मध्ये सापडलेला अँजिओस्टॅटिन, रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारा, हा प्लाझ्मिनच्या पूर्वरूपाचा, प्लाझ्मिनोजेनचा, कापून निघालेला तुकडा आहे. प्रवेगक आणि ब्रेक एकाच कात्रीतून निघत असतील तर कात्री मोडून काय साधणार?

टीपीएबद्दल तर निसर्गाने थट्टाच केली आहे. १९९५ मध्ये ६२४ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीतून सिद्ध झाले की लकवा मारल्यापासून तीन तासांत टीपीए शिरेतून दिले तर गुठळी विरघळते आणि अधिक रुग्ण तीन महिन्यांनी आपल्या पायावर उभे राहतात. मात्र मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रमाण ०.६ वरून ६.४ टक्क्यांवर जाते. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगशाळेने छापले की ज्या उंदरांत टीपीए मुळातच नाही त्यांच्या चेतापेशी विषारी माऱ्यात अधिक तग धरतात. रक्तवाहिनीच्या आत तारणारा, भिंत ओलांडून मेंदूच्या मांसात शिरला की मारणारा; आणि बीडीएनएफची शेंग फोडताना पुन्हा तारणारा. वेळेची मुदत २००८ च्या युरोपीय चाचणीने साडेचार तासांवर नेली. किनवटहून नांदेड रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे. त्यात आधी कळायला हवे की हा लकवा आहे, मग गाडी मिळायला हवी, मग सीटी स्कॅन, कारण रक्तस्रावाचा लकवा असेल तर हे औषध म्हणजे खून. रेणूचे शास्त्र या साडेचार तासांत बसते, तालुका बसत नाही.

मधुमेहात हे सगळे एका माणसाच्या देहात बघायला मिळते. त्याच्या डोळ्याच्या पडद्यावर नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि फुटतात. डोळ्यांचे डॉक्टर व्हीईजीएफ अडवणारे इंजेक्शन डोळ्यात देतात. त्याच माणसाच्या पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, कारण तिथे हव्या असलेल्या रक्तवाहिन्या येत नाहीत आणि नसा बधिर झालेल्या असतात. त्या जखमेत एमएमपी कमी नसतात, उलट जास्त असतात, आणि वाढीचा संदेश देणारी प्रथिने पोहोचायच्या आत चावून टाकतात. वर मलम लावून वर्धक द्यायचे आणि आतल्या कात्रीने ते कापून टाकायचे, असा खेळ चालतो. मधुमेहाच्या बधिर नसांसाठी एनजीएफची इंजेक्शने देऊन पाहिली, १,०१९ रुग्णांची चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली, आणि टोचलेल्या जागी दुखण्यापलीकडे फारसे हाती लागले नाही. एनजीएफला यश आले ते अगदी लहान जागी: संवेदना गेलेल्या बुबुळाच्या जखमेसाठी थेंब म्हणून, २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. थेंब जिथे पडतो तिथेच काम करतो. मला यात योगायोग दिसत नाही.

आपल्या शेतातही एक धडा पडलेला आहे. कच्चे सोयाबीन कोंबड्यांना घातले तर नीट पचत नाही, हे कोंबड्या पाळणाऱ्यांना माहीत असते. कारण त्यात ट्रिप्सिनचा रोधक असतो. रायबोन्यूक्लिएजचे स्फटिक बनवणाऱ्या त्याच कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये याचेही स्फटिक बनवले. हा रोधक प्लाझ्मिनलाही धरतो, म्हणून तो जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. कात्रीबरोबर म्यानही हवे, हे सोयाबीनच्या दाण्याला ठाऊक आहे. आमच्या औषधाच्या दुकानांना मात्र नाही. दात काढला, पाय मुरगळला, टाके घातले, की सूज उतरवायला एन्झाइमची गोळी बांधून देतात. त्यातले सेराशिओपेप्टिडेज हे रेशमाच्या किड्यात सापडलेल्या जिवाणूचे एन्झाइम. जपानमध्ये जिथे ते प्रथम विकले गेले, तिथे फेरतपासणीत परिणाम दिसला नाही म्हणून २०११ मध्ये ते बाजारातून मागे घेतले. माझ्या घरच्या डब्यात गेल्याच महिन्यात एक पाकीट निघाले.

ऑटोटॅक्सिन नावाचे आणखी एक स्रवणारे एन्झाइम आहे. प्रथिने सोडून ते रक्तातल्या मेदद्रव्यावर चालते. ज्या उंदरांत ते नाही त्यांचे गर्भ अर्ध्या वाटेवरच मरतात, आणि रक्तवाहिन्या व चेतानलिका दोन्ही बिघडलेल्या सापडतात. त्याला अडवणारे एक औषध फुफ्फुसाच्या आजारासाठी फार पुढे नेले होते. २०२१ मध्ये चाचण्या थांबवाव्या लागल्या. एवढे सांगून ते इथेच सोडतो.

कारण मला परत बनीमीकडे यायचे आहे. कर्करोगात हरलेली मारिमास्टॅट आता पुन्हा बाहेर निघाली आहे. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की मारिमास्टॅट आणि व्हॅरेस्प्लॅडिब एकत्र दिले तर विषारी फुरसे-घोणसवर्गी सापांच्या विषातून उंदीर वाचतात. एक मेटॅलोप्रोटीनेज अडवते, दुसरे विषातलेच फॉस्फोलायपेज ए-२ हे एन्झाइम. व्हॅरेस्प्लॅडिबही हृदयविकारात हरलेलेच. त्याच्या तोंडावाटे द्यायच्या रूपाची भारतात आणि अमेरिकेत सर्पदंशाच्या रुग्णांवर चाचणी झाली. ठरवलेले मुख्य उद्दिष्ट गाठता आले नाही, लवकर औषध मिळालेल्यांत मात्र आशेला जागा दिसली. लस थंड जागी ठेवावी लागते, शिरेतून द्यावी लागते, रिअॅक्शन सांभाळायला डॉक्टर लागतो. गोळी सरपंचाच्या कपाटात राहू शकते. माणसाच्या अंगातली शहाणी कात्री गोळीने मोडू नये, हे मारिमास्टॅटने शिकवले. सापाने आत सोडलेल्या परक्या कात्रीला तो नियम लागू नाही.

सगळ्या सापांना मात्र ही गोळी लागू पडणार नाही. नागाचे मुख्य चेताविष एन्झाइमच नाही. ते स्नायूवरच्या ग्राहीत बूच बसवते. म्हणून नाग चावल्यावर डॉक्टर निओस्टिग्मिन देतात, म्हणजे आपल्याच शरीराचे एक एन्झाइम थोडा वेळ थांबवतात, की चेतासंदेशाचा रेणू टिकावा आणि बुचाला ढकलावे. विंचवाचाही मारा एन्झाइमचा नव्हे. आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या खाटांवर प्राझोसिन वापरून त्याला उत्तर शोधले, ते हृदयाकडे बघून.

मण्यारचे तसे नाही. ती रात्री जमिनीवर निजलेल्याला चावते, कित्येकदा दातांची खूणही सापडत नाही, पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या मिटायला लागतात. तिच्या विषातले फॉस्फोलायपेज चेतातंतूचे टोक आतून उद्ध्वस्त करते. तिथे निओस्टिग्मिन चालत नाही. रक्तात राहिलेले विष लसीने बांधले जाते, पण कापून झालेले टोक लस जोडू शकत नाही. व्हेंटिलेटर रिकामा नसेल तर नातेवाईक पाळी लावून फुगा दाबत बसतात, मिनिटाला पंधरा-सोळा वेळा, रात्रभर, कोणाचा हात भरून आला की दुसरा घेतो. आत तंतूचे टोक पुन्हा वाढत असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पापणीचा एक कोपरा वर उचलला जातो आणि फुगा दाबणारा बाहेरच्यांना हाक मारतो.